आम्ही घरी सांगू

आमच्या नात्यात कुठंही साखरपुडा असो की बारसं, जेवणं आटोपली की बायका माझ्याभोवती गोळा होतात. मी गोष्टी चांगल्या सांगते असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो पसरवण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे. कुणाची नवरी मांडवातून रुसून गेली, कुणाचा जावई दिवाळसणाला येताना चुकून भलत्याच घरी जेवून आला, हे सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे शाळेच्या पालकसभेत उभी राहून मी जेव्हा म्हणाले, "असल्या गोष्टी शाळेत कशाला? आम्ही घरी सांगू," तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला. माझासुद्धा बसला.

पुढं बरंचसं हसण्यासारखं आहे, म्हणून जे हसण्यासारखं नव्हतं ते आधीच सांगून टाकते. त्या दिवसांत आठवीत असलेल्या माझ्या मुलाच्या छातीत गाठ आली होती. डाव्या बाजूला, बोराच्या बीएवढी, हात लागला की दुखणारी. आणि छातीतल्या गाठीची आमच्या घरात एकच गोष्ट होती, ती त्याच्या चुलत आजीची. तिनं गाठ लाजेपायी कुणाला दाखवली नाही, दाखवली तेव्हा फार उशीर झालेला, आणि ती गेली. शेंगा फोडत बसलो की आम्ही बायका ही गोष्ट हमखास काढायचो, आणि मी काढली की जरा रंगवूनच काढायचे. पोरगं बाजूला मोबाइलवर गेम खेळतंय, त्याचं कुठं लक्ष असतंय, असं आम्हाला वाटायचं. त्याचं लक्ष होतं. आपल्यालाही आजीसारखंच झालंय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आजीसारखंच, कुणाला सांगायचं नाही, असंही.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की त्यानं कबड्डी सोडली होती आणि त्याला ढगळ शर्ट हवा होता.

घोडेगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस, सगळं शिवते. गावातल्या निम्म्या बायकांचं माप मला टेप न लावता सांगता येतं. बाई उंबऱ्यात चप्पल काढेपर्यंत माझ्या डोळ्यांनी मापून झालेली असते. याचा मला गर्व आहे. जूनमध्ये पोराचा शाळेचा ड्रेस शिवायला घेतला, टेप गळ्यात अडकवून त्याला हाक मारली, तर तो दारातच थांबला.

"माप नको घेऊ. पप्पांच्या मापाचा शिव."

"पप्पांच्या? त्यात तुझ्यासारखे दोन मावतील."

"मावू दे. आता तशीच फॅशन हाय."

फॅशन म्हटल्यावर शिलाईवाल्या बाईनं वाद घालायचा नसतो. मी शिवला. तो शर्ट घालून तो निघाला की दोरीवर वाळत घातलेलं पोतं शाळेला चालल्यासारखं दिसायचं. कबड्डीचं विचारलं तर म्हणाला, गुडघा दुखतो. शाळेच्या संघात चढाई करणारा हाच, तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. म्हणून मी रोज संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळत होते. गुडघा ठणठणीत होता.

आता सभेचं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका लागतात, म्हणून मी आहे. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी त्या दिवशी सांगितलं, की आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई येऊन सातवी-आठवीच्या मुलांशी बोलणार आहेत, या वयात शरीरात काय बदल होतात त्याविषयी. दरवर्षी नुसत्या मुलींना बसवायचे आणि मुलांना ग्राउंडवर पिटाळायचे. यंदा मुलांनाही बसवायचं.

झालं. वर्गात बसलेले सगळे पालक एकदम बोलायला लागले.

"पोरींचं ठीकय. पोरांना काय सांगायचंय त्यात?"

"नको ते डोक्यात भराल, बाई."

"आमाला कुणी सांगितलं व्हतं? आडलं का काय आमचं?"

आमच्या गावात किराणा दुकान चालवणारे शेठ आहेत. त्यांची मुलगी सातवीत. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे. तेही म्हणाले, "आमच्या मुलीला काय सांगणार ते आम्हाला आधी कळायला पाहिजे."

इतकं झाल्यावर मी कशी बसून राहीन? मी उठले. पोटची पोरं आमची, त्यांना काय, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे ठरवायचा हक्क आमचा, असं सगळं ठणकावून सांगितलं आणि शेवटी ते वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. आमचे हे मागं बसून टाळ्या वाजवत होते, जे घरी कधी वाजवत नाहीत.

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मागच्या वर्षी वनखात्याची माणसं येऊन गेली. बिबट्या दिसला तर काय करायचं, पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, सगळं मुलांना शिकवून गेली. तेव्हा कुणी उठून म्हणालं नाही, की बिबट्याचं आम्ही घरी सांगू."

"बाई, बिबट्याचं वेगळं."

"वेगळं खरंच. बिबट्या गावातल्या सगळ्या घरांत येत नाही." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पण ताई, तुमचं हक्काचं म्हणणं मला पटतं. सांगा घरी. पुढच्या सोमवारी पुन्हा बसू. ज्यांनी सांगितलं असेल त्यांच्या मुलांना कार्यक्रमाला बसवायची गरज नाही."

मी लढाई जिंकल्यासारखी घरी आले. गोठ्यात आमचे हे गुरांच्या डॉक्टरांना फोनवर ओरडून सांगत होते, "डॉक्टर, गाय माजावर हाय! दुपारच्या आत या, न्हायतर जाईल येळ!" पलीकडच्या आळीपर्यंत ऐकू गेलं असेल. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आता पोराला सांगा."

"काय?"

"तेच. सभेतलं."

"मी? तू म्हणलीस ना, आमी सांगू?"

"पोरगं आहे ते. बापानं सांगायचं असतं."

गाईच्या बाबतीत इतका मोकळा माणूस, पण चेहरा असा झाला, जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगितलंय. तरी गेले. पोराला गाडीवर मागं बसवून टोमॅटोच्या प्लॉटवर नेलं आणि अर्ध्या तासात परत आले.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणलं, आता तू मोठा झालायस."

"आणि?"

"आणि काय? मोठ्या माणसाला काय सगळं सांगावं लागतं व्हय?"

आमच्याकडं पोराला अवघड काही सांगायचं झालं की मामा आठवतो. कान टोचायचे तर मांडी मामाची, लग्नात पाठीशी उभा राहणार मामा, पोरगं तंबाखू खाताना सापडलं तर कान पिळायलाही मामाच. माझा भाऊ आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज चालवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताय, तू काळजीच करू नको. रविवारी धाडून दे." रविवारी पोराला एसटीत बसवलं. संध्याकाळी तो काळे हात आणि भेळीचा पुडा घेऊन परत आला. मी पुन्हा फोन लावला.

"सांगितलं का रे?"

"लई हुशार पोरगं हाय, ताय! क्लचप्लेट कशी काम करती, एकदा दावली, लगेच समजला."

"आणि ते?"

"ते? ते म्हणलं, तुझी मामी सांगल."

मग मामी फोनवर आली. "अहो वन्सं, मला वाटलं गॅरेजात झालं असंल बोलणं. म्हणून मी भेळ केली."

गंमत पुढंच आहे. त्या रविवारी आमच्या गावातली निम्मी सातवी-आठवी मामाच्या गावाला गेलेली होती. कुणी पेठला, कुणी नारायणगावला, एक तर थेट पुण्याला. आणि आमच्या घरी दुपारी यांचा एक भाचा येऊन बसला, माझ्या मुलाच्याच वर्गातला, कारण त्याचे मामा म्हणजे आमचे हे. यांनी त्याला गाय दाखवली, कपभर दूध दिलं आणि मोठा झालायस असं सांगून परत पाठवला.

शेवटी मीच बसले. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी सभा म्हणून, मशीनजवळ, पोराला समोर स्टुलावर घेऊन. बटणं लावायला हातात होतीच, म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघायला नको. सुरुवात छान केली. "हे बघ, तुझा मामा तुझ्याएवढा होता ना, तेव्हा..." आणि तिथून मी मामाच्या फुटलेल्या आवाजावर आले, तिथून त्यानं शाळेच्या गॅदरिंगला म्हटलेल्या गाण्यावर, तिथून त्या गॅदरिंगला कोसळलेल्या मांडवावर. पोरगं हसत होतं. मला वाटलं, जमतंय. मग ते थांबलं आणि म्हणालं,

"आई, आजीला कसं कळलं गं पहिल्यांदा, गाठ हाय म्हणून?"

मला गोष्ट विचारली की माझं भान सुटतं. मी सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दवाखान्याच्या वाऱ्या, शेवटचे दिवस, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणावर होता. तो हात मला दिसला. मी म्हटलं, "तुटलंय का बटण? काढ, लावून देते." तो उठून गेला.

सोमवारी सभा भरली. मोठ्या बाईंनी विचारलं आणि एकेक जण सांगायला लागला. सांगितलं. सांगितलं, बाई. आमच्यात पण सांगितलं. मीही मान हलवली. मामाचा मांडव सांगितला होताच की.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग एकानं इथं सांगून दाखवा. कोणत्या शब्दांत सांगितलं तेवढं आम्हालाही शिकता येईल."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी अजून तोंड उघडते आहे तोवर शेठ उभे राहिले.

"बाई, मी नाही सांगितलं. माझ्या दुकानात बायका पॅड घ्यायला येतात. मी कागदात गुंडाळतो, वर काळी पिशवी घालतो आणि दुसरीकडं बघत देतो. इतक्या वर्षांत एकीच्याही तोंडाकडं बघून दिलेलं नाही. मी मुलीला काय सांगणार?"

कुणी हसलं नाही. शेठ बसले आणि मी उभी राहिले.

"मलाही जमलं नाही," मी म्हटलं. "पण हक्क काही मी सोडलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी जे पोरांना सांगायचंय ते आधी आम्हाला सांगावं. सगळं, काही न गाळता. नाही पटलं तर आम्ही तिथंच बोलू. मग दुसऱ्या दिवशी पोरांना सांगा. पोरींना आणि पोरांना, दोघांना."

"बापांनी पण यायचं का?" मागून कुणीतरी.

"बापांनी पण. आणि मामांना पाठवायचं नाही!"

त्या हशात मंजुरी मिळाली.

हे मी आजही छातीठोकपणे सांगते, की त्या दोन सभांमध्ये मी माझं मत बदललं नाही. पोराला काय शिकवतात हे आईबापाला आधी कळलंच पाहिजे. पण आधी मी तो हक्क दाराला कडी लावायला वापरला होता, आणि दार लावून आत मी काय करत होते? मांडव कोसळवत होते. हक्क असेल तर बाकावर येऊन बसावं लागतं, एवढंच मला नव्यानं कळलं होतं.

आणि बसावं लागतं ते सातवीच्या बाकावर. गुरुवारी दुपारी मी मशीनवरून तशीच उठून गेले, गळ्यात टेप. बाकात शिरताना माझा गुडघा अडकला, जो खरोखर दुखतो. बाप लोक सगळे मागच्या बाकांवर, शाळेत असताना बसायचे तसेच. डॉक्टरीणबाई वयानं लहान, आमच्या धाकट्या जावेएवढ्या. पण भाजीचे भाव सांगावेत तशा त्या एकेक शब्द सरळ उच्चारत होत्या. सुरुवातीला आम्ही सगळेच भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पाहत होतो. मुलींची पाळी, मुलांचा आवाज, झोपेत काय होतं, चिडचिड का होते, असं करत करत माना हळूहळू नकाशावरून खाली आल्या. कुणी नको तिथं हात लावला तर पोराला ते सांगता यायला हवं, आणि सांगायला शब्द हवेत, असं त्या म्हणाल्या तेव्हा शेठ पुढं सरकून बसले.

एका बापाला धीर आला. "मॅडम, आमचं येडं आरशासमोरून हलतच न्हाई. त्याला काय करावं?"

"त्याला औषध नाही," त्या म्हणाल्या. "दुसरा आरसा आणा, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना वापरता येईल."

हसू ओसरल्यावर त्या पुढं बोलल्या. "आणि एक. या वयात मुलांच्याही छातीत गाठ येते. एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना. दुखते. बऱ्याच मुलांना येते आणि बहुतेकांची काही काळानं आपोआप जाते. एकदा दाखवून घ्यावं, बस. पण मुलं दाखवत नाहीत. घाबरतात. शर्ट काढत नाहीत, ढगळ कपडे घालतात, खेळ सोडतात."

माझा हात गळ्यातल्या टेपवर गेला. पप्पांच्या मापाचा शिव. वरचं बटण. आजीला कसं कळलं गं. गावातल्या बायकांना दारातूनच मापणारी मी, आणि घरातलं एक माप मला दिसलं नव्हतं.

मी उठले. बाक माझ्याबरोबर थोडा उठला.

"काही प्रश्न आहे का, ताई?"

"नाही. घरी काम आहे."

शाळा तेव्हा सुटली होती. पोरगं गोठ्यात गाईपुढं कुट्टी टाकत होतं. वाटेत माझ्या डोक्यात तीन-चार सुरुवाती तयार झाल्या होत्या, एकीत मामाही होता. सगळ्या टाकून दिल्या.

"छातीत दुखतं का रे?"

त्याच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

"डावीकडं का उजवीकडं?"

"डावीकडं." मग घमेलं खाली ठेवून, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आज शाळेत शिकवलं."

"तुला?"

"मला."

"आजीसारखं..."

"नाही. आजीची गाठ वेगळी. ही तुझ्या वयाची आहे. लई पोरांना येते आणि बहुतेकांची आपली आपण जाते. उद्या डॉक्टरीणबाई शाळेत येणार आहेत. आधी त्यांना दाखवू, मी असेन बरोबर."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात आखूड गोष्ट. तो गव्हाणीच्या कडेला बसला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. ढगळ बाही कामाला आली. म्हणाला, कुट्टीचा कण गेला डोळ्यात. मी म्हटलं, जातो कधीकधी.

तेवढ्यात माझ्या मागोमाग वर्गातून निघालेले आमचे हे दारात गाडी उभी करून आत आले. आम्हा दोघांकडं पाहिलं, गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मला बी आल्या व्हत्या. ह्याच्याएवढा असताना. दोन्हीकडं."

"काय?" मी आणि पोरगं एकदमच ओरडलो.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी? मला वाटायचं कबड्डीत मार लागलाय. आज कळलं काय व्हतं ते."

पोरगं हसायला लागलं. डोळे अजून ओले, आणि हसू थांबेना. यांनाही हसू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्याची एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, याचा मला जरा रागच आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात लावून तपासलं. काळजीचं काही नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि खेळायला हरकत नाही, असं म्हणाल्या. मग मुलांचा वर्ग झाला. घरी आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं?"

"तुला म्हायतीय की. तू कालच शिकलीस."

"तू काही विचारलंस का?"

"मी कशाला? मला येत व्हतं. बाजूच्याला येत नव्हतं, त्याला सांगितलं."

बाजूचा म्हणजे यांचा तोच भाचा, ज्याला आम्ही गाय दाखवून परत पाठवला होता.

संध्याकाळी मी मशीनवर होते, तर तो ढगळ शर्ट माझ्या पुढ्यात येऊन पडला.

"आई, हा आत घे. लई ढगळ हाय. चढाईला गेलो की मागून धरत्यात."

"आणि फॅशन?"

"गेली ती."

तो समोर उभा राहिला आणि न सांगता त्यानं दोन्ही हात वर केले. मी नजरेनं मापलं नाही. टेप घेतली, पाठीमागून फिरवून पुढं आणली, डाव्या बाजूला जराही आवळणार नाही अशी धरली.

"दुखतंय?"

"थोडं. घे तू."

मी माप घेतलं. शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला, आणि शिवणीच्या आत भरपूर कापड राहू दिलं, उसवून पुन्हा सोडता येईल इतकं. वाढत्या अंगाचं पोरगं आहे.